लग्न न केल्याचा दाखला

माझ्या बायकोच्या आत्याइतकी भांडखोर बाई अख्ख्या बीदर जिल्ह्यात नाही, आणि असलीच तर आत्याने तिला एव्हाना भांडून गप्प बसवलं असणार. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट, आणि आवाज तिच्या निर्णा गावच्या शिवारात या बांधापासून त्या बांधापर्यंत. म्हैस, सून आणि पंचायतीचा अध्यक्ष यांच्याशी ती एकाच सुरात बोलते. नवरा लढाईत गेला तेव्हा ती चोविशीची, पदरी एक तान्हं पोर. मागाहून सरकारने त्याला शौर्यपदक दिलं. दर पंधरा ऑगस्टला ती ते स्वतःच्या पदराला टाचते आणि शाळेच्या झेंड्याला जाऊन पहिल्या खुर्चीवर बसते. एकदा तिथे अध्यक्ष बसलेले होते. त्यांना छत्रीने ढोसून म्हणाली, "ऊठ रे अप्पा, तुला कुठं गोळी लागली?"

तिला पेन्शन आहे, पदकाचा भत्ता आहे. त्यासाठी दर नोव्हेंबरात मी तिला मोटारसायकलवर बीदरच्या बँकेत नेतो. तिथे हयातीचा दाखला द्यायचा, आणि पुन्हा लग्न केलं नाही असंही लिहून द्यायचं. जिने भर तारुण्यात दारी आलेली स्थळं छत्रीनेच हाकलली, तिला या वयात दरसाल विचारायचं, यंदा लग्न केलंत का? विचारणाऱ्याची जीभ झडत कशी नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या वर्षी नवा कारकून होता. "अज्जी, लग्न केलंय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"व्हय की! परवाच केलं. घोड्यावरनं वरात काढली. तुला बोलवायचंच राह्यलं बघ!"

मी पोट धरून हसलो. त्या गाढवाने मात्र 'होय'वर खूण केली, आत्याने अंगठा उठवला, आणि मी शहाण्याने कागद वाचला नाही. पुढच्या महिन्यात पेन्शन बंद.

मग आठ महिने खेटे. लग्न झालेलं नाही म्हटलं तर म्हणे, घटस्फोटाचा कागद आणा. एका महाभागाने तर दुसऱ्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला मागितला. माझं डोकं भणभणत होतं. आत्याला पैशांचं तेवढं नव्हतं. "जावई," ती सारखी म्हणायची, "कागदावर मी दुसऱ्याची झाले व्हय?"

शेवटी वकिलाकडे गावातले पाच म्हातारे साक्षीला नेले. 'लग्न केलेले नाही' हे वाचून दाखवताच ती कडाडली, "न्हाई केलं असं कामून लिवायलास? केलंय की! एकच केलंय, आन् ते अजून चालू हाय." वकिलाने मुकाट्याने 'दुसरे' हा शब्द घातला. पेन्शन सुरू झाली.

या नोव्हेंबरात पुन्हा गेलो. तोच कारकून, तोच प्रश्न. आता हा सोलून निघणार म्हणून मी सरसावून उभा राहिलो. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "न्हाई केलं, साहेब."

साहेब! उभ्या जन्मात तिने कुणाला साहेब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. परतताना मी मुद्दाम दोन खड्ड्यांतून गाडी घातली, म्हटलं, निदान मला तरी शिव्या घालील. निर्णा येईपर्यंत ती माझ्या खांद्याला धरून गप्प बसून होती.