फोडली नाहीत ती आळी

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हाच पाणी. त्यामुळे घरामागच्या टोमॅटो-वांग्यांना मी भांड्यांचं नि अंघोळीचं पाणी घालायची. त्यातला थेंबही वाहून जाऊ नये म्हणून प्रत्येक रोपाभोवती खोल आळं करून कडेला मातीचा बांध घातला होता.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. आळी काठोकाठ भरली. गुडघ्यांमुळे खाटेवरच असलेल्या सासूबाई आतून ओरडल्या, "आळी फोड गं, पानी जाऊ दे! मुळ्या सडत्याल."

मला रागच आला. "चार महिने बादल्या वाहतेय मी. आता आयतं आलेलं सोडून देऊ व्हय?" म्हणाले, आणि फावड्याने बांध आणखी चढवले. पत्र्यावरून पडणारं पाणीही तिकडेच वळवलं. चिंब भिजत होते आणि खूश होते, हे सांगायला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून कडक ऊन पडलं. काळ्या मातीतलं पाणी जागचं हललं नाही, नुसतं तापलं. आधी टोमॅटोंनी माना टाकल्या, मग वांग्यांनी. एक रोप उपटलं तर मुळाची साल बोटांना चिकटून आली. सासूबाईंनी टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं.

त्या संध्याकाळी भांडी घासली आणि सवयीने बादली घेऊन मागे गेले. पाणी घालावं असं एकही रोप उरलं नव्हतं. तरी ते पाणी फेकवेना. भरलेली बादली तशीच परत आणली.