झिजलेल्या टाचा

“आरशात बघ, सुह्या. गाडी पुढं काढायच्या आधी मागं कोण आहे ते बघ.”

आवाज आप्पांचा. कितीतरी वर्षांमागचा. शाळेच्या मैदानावर सुहास पहिल्यांदा मोटरसायकल चालवायला शिकत होता, आणि आप्पा कॅरिअर धरून मागं धापा टाकत पळत होते. आप्पा आता नाहीत. आवाज मात्र डोळा लागायच्या बेतात असला की कानाशी येऊन बसतो, उंबऱ्याशी येऊन बसणाऱ्या मांजरासारखा.

रविवारची दुपार आहे. विट्याच्या घरात सुहास खाटेवर आडवा झालाय. झोप येतेय, येत नाही. मागच्या पडवीत आई आप्पांचे ड्युटीचे बूट पुसतेय आणि पुसता पुसता तिच्या ओठांवर ओवी येतेय:

वळणाच्या रस्त्यावरी चिंचेची सावली दाट
उन्हात उभा धनी, पाहतो लेकाची वाट

आप्पा म्हणजे दिनकर नलवडे, वाहतूक हवालदार. कराडच्या रस्त्यावर चिंचमळ्याचं वळण आहे, तिथं त्यांची ड्युटी असायची. एका दुपारी सुसाट येणाऱ्या मोटरसायकलीला थांबवायला त्यांनी हात वर केला. ती थांबली नाही. कोण होता, कुठला होता, काही कळलं नाही. घरी आले ते पायांतले बूट. आई ते दर रविवारी पुसते, पॉलिश करते आणि पुन्हा खाटेखाली ठेवते. पुसू दे बिचारीला, म्हणून सुहास त्याबद्दल कधी बोलला नाही.

आप्पांची काळी गाडी आता तोच चालवतो, कराडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला जाताना. गाडी अजून आप्पांच्याच नावावर आहे. त्यामुळं वेगाच्या दंडाचं चलन आलं की फोटोसकट मेसेज येतो तो आप्पांच्या फोनवर. तो फोन आई देवघराशेजारच्या फळीवर कायम चार्जिंगला लावून ठेवते. फोन टिंग वाजतो, संध्याकाळी सुहास हळूच जाऊन मेसेज पुसून टाकतो. आईला काय कळतंय, असं त्याला वाटतं.

चलनं सगळी एकाच जागची. बाकी रस्ता तो शहाण्यासारखा जातो, पण चिंचमळ्याचं वळण आलं की मूठ आपोआप पिळली जाते. ती जागा डोळ्यांपुढून लवकर जावी म्हणून. आणि नेमका तिथंच आता खांबावर कॅमेरा बसवलाय. परवा तर वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली, मागचं चाक सरकलं, आता संपलं असं वाटलं, आणि कुणीतरी मागून ओढून धरावं तशी गाडी सरळ झाली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून नीट झोप मात्र नाही.

पंख्याची घरघर हळूहळू इंजिनाची होते. खाटेचे लाकडी खूर मऊ होऊन गोल फिरू लागतात.

सुहास वळणावर आहे. ऊन रणरणतंय, पण चिंचेला सावली नाही आणि त्यालाही नाही. समोर पांढऱ्या सदऱ्यातला हवालदार हात वर करून उभा. सुहास ब्रेक दाबत नाही, तरी गाडी थांबते. हात पुढं येतो, किल्ली काढून घेतो. बोटं थंड लागतात, रांजणातल्या पाण्यासारखी.

सवयीनं तो म्हणतो, “मामा, जाऊ द्या की. आई वाट बघतेय घरी.”

“मामा कुणाला म्हणतोस रे? बापाला?”

सुहास मान वर करतो. टोपीखाली आप्पांचाच चेहरा आहे, फक्त कडा जरा विरघळलेल्या, ओल्या कागदावरच्या शाईसारख्या. ते गाडीभोवती एक फेरी मारतात, ड्युटीवर मारायचे तशीच. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटवर टिचकी मारतात.

“आरशाच्या डोक्याला लागू नये म्हणून घातलंय का हे?”

हसावं की रडावं, त्याला कळत नाही. आप्पा ओट्याला टेकून उभे आहेत. हो, ओटाच आहे, घरातला. स्वयंपाकघराच्या फरशीवरून डांबर पसरत चाललंय, मऊ, तापलेलं, आणि देवघरातली समई त्यात हळूहळू बुडतेय. आप्पा फळीवरचा फोन काढतात आणि त्याच्यासमोर धरतात. एकामागून एक फोटो सरकतात. सगळे मागून काढलेले, सगळे त्याच्या पाठीचे.

नाही. त्याच्या पाठीचे नाहीत. त्याची पाठ दिसतच नाही. मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय. पांढरा सदरा. दोन्ही पाय दोन्ही बाजूंनी रस्त्यावर रोवलेले, आणि टाचांखालून ठिणग्या उडतायत.

“हे कोण?” असं तो विचारतो. विचारायला नको होतं, असं त्याच क्षणी वाटतं.

“आरसा मोकळा ठेवला असतास तर दिसलं असतं.”

तो शाळेच्या मैदानावर गाडी चालवतोय. पाय जमिनीला पुरत नाहीत, इतका लहान. मागून आप्पा कॅरिअर धरून पळतायत. बुटांचा आवाज येतोय, टप टप टप. मग आवाज बदलतो, अनवाणी पाय आपटल्यासारखा. मग त्याहून वेगळा होतो, वाळकं लाकूड दगडावर घासत न्यावं तसा. सुहासला मागं बघायचं धाडस होत नाही. आरशावर हेल्मेट आहे. काढायला हात उचलतो, तर हात हँडलला चिकटलेला.

“का पळवतोस रे त्या वळणावर?” मागून आवाज येतो, अगदी मानेजवळून.

“भ्या वाटतं, आप्पा. तिथं हळू केली की तुम्ही पडलेले दिसता.”

घासल्याचा आवाज अगदी कानाशी येतो.

“मी पडलेलो नाही, सुह्या. मी मागं बसलोय. पण टाचा संपल्या आता. उद्या गाडी कशानं धरू?”

तो रडत रडत विचारतो, मग मी काय करू, आप्पा. खांद्यावर हात पडतो, थंडगार, आणि ते म्हणतात, “आईला विचार. तिला सगळं ठाऊक आहे.”

मग ते शिट्टी फुंकतात, लांब, रस्त्यावरची सगळी वाहनं थांबवायची ती शिट्टी. फुंकता फुंकता ती बारीक होत जाते, बारीक होत होत फोनचं टिंग होते.

सुहास घामानं निथळत उठून बसतो. ऊन उतरलंय. फळीवरचा फोन उजळून पुन्हा विझतो. खांद्यावर अजून गार वाटतंय.

खाटेच्या पायथ्याशी आई बसलीय, मांडीवर बूट. ओवी थांबलीय. ती फोनकडं बघत नाही, त्याच्याकडंही बघत नाही. तो वाकून एक बूट उचलतो. वरून आरशासारखा चकचकीत. उलटा करतो, तर टाच तिरकी घासून पार आतल्या खिळ्यांपर्यंत गेलेली. खिळ्यांच्या मध्ये डांबराचे ओले कण आणि खडीचा चुरा. बोट लावतो आणि झटकन मागं घेतो. टाच तापलेली आहे.

“आई, हे कोण घालतं?”

“कोण घालणार?”

“मग?”

आई दुसरा बूट पदरानं पुसत राहते, पुसण्यासारखं काही नसताना. मग म्हणते, स्टँडवरचा मोचीपण हेच विचारतो. दरवेळी नवी टाच ठोकून देतो आणि विचारतो, मावशी, घरात चालतं तरी कोण एवढं. परवा म्हणाला, आता ठोकायला खाली चामडंच राहिलं नाही.

“दरवेळी म्हणजे?”

“तुझा फोटो आला की. तू मेसेज पुसतोस संध्याकाळी. मी सकाळीच बघितलेला असतो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” तो हातातला बूट तिच्यापुढं धरतो. “परवा मी मेलो असतो, आई.”

“ठाऊक आहे. परवा खिळे वर आले होते.”

ती बूट खाली ठेवते. जोडीनं, टाचा भिंतीकडं करून, घरी आलेल्या माणसाचे ठेवावेत तसे. आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं बघते.

“सांगितलं असतं तर तू गाडी हळू चालवली असतीस, बाळा,” ती म्हणते. “मग ह्यांचं येणं थांबलं असतं.”