बोरन्हाणात लुटलेली चेटकीण

ग्लासगोतल्या आमच्या घरात, हॉलमध्ये, एक काचेचं कपाट आहे. पाहुणे आले की त्याच्यापाशी थांबतात. मग भिंतीवरचे फोटो बघतात, फोटोंत मूल शोधतात, ते सापडत नाही, आणि आवाज जरा खाली आणून विचारतात, "ही कुणाची?" मी सांगते, माझी. "हो का," म्हणतात आणि विषय हवामानावर नेतात. या देशात हवामान अशा कामासाठी कायम तयारच असतं.

कपाटात परीकथांतली मंडळी राहतात. आजीची टोपी घातलेला लांडगा, तिरप्या मुकुटाचा बेडूक, वीट उचलून उभं राहिलेलं डुकराचं पिल्लू. सगळी तळहातावर मावणारी. ती बंद बॉक्समधून येतात आणि आत कोण आहे ते बॉक्स फोडेपर्यंत कळत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर अनपेक्षित काही घडू नये, याचाच मला पगार मिळतो. म्हणून घरी येऊन बॉक्स फोडताना बेडूक निघेल की राजकन्या, हे ठाऊक नसणं मला फार आवडतं. याहून खोल कारण नाही. लोकांना मात्र खोल कारणच हवं असतं.

सगळ्यांत लाडकी माझी चेटकीण. ती क्वचितच कुणाला मिळते. हातात बेकिंग ट्रे, समोरचा एक दात पडलेला, आणि पाहुणे दारात आल्यावर भाजी करपावी तसा चेहऱ्यावरचा वैताग. नवरा दर वाढदिवसाला मला एक बॉक्स देतो आणि सकाळच्या चहाबरोबर आम्ही तो फोडतो. चेटकीण निघाली त्या सकाळी तो माझ्याइतकाच ओरडला होता.

यंदा जानेवारीत एडिनबराला दिराच्या बाळाचं बोरन्हाण होतं. बाळाची पहिलीच संक्रांत. सासूबाई पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या आणि आमच्याकडे उतरल्या होत्या. माझी सकाळची ड्यूटी होती, म्हणून मी हॉस्पिटलमधून थेट ट्रेनने गेले. नवरा आईंना घेऊन गाडीने आला.

पोचले तेव्हा बाळ पाटावर बसलं होतं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, एक बाजूबंद आधीच चाटून झालेला. भोवती तिथल्या मराठी मंडळातली दहाबारा पोरं टपून बसली होती. एडिनबरात बोरं कुठली मिळायला, म्हणून जावेने पॉपकॉर्न, मनुका आणि मार्शमेलो आणले होते. आईंनी भांडं बाळाच्या डोक्यावर हळूच उपडं केलं. पोरांनी झडप घातली. मग आईंनी पिशवीतून दुसरं भांडं भरलं, आणि बाळाच्या टाळूवरून पहिलं घरंगळलं ते माझं विटेवालं पिल्लू.

मला क्षणभर कळेचना. मग बेडूक पडला. मग लांडगा. मग एका गुलाबी फ्रॉकवाल्या मुलीने हवेतच झेलली ती चेटकीण.

"आई, ही माझी आहेत," मी म्हणाले.

"अगं, असू दे," आई म्हणाल्या. "बोरन्हाणात लुटलेलं परत मागत नाहीत. बाळाला बरं नसतं ते."

मी मागितलं. एकेका पोरापुढे जाऊन हात पसरला. हॉलमधले सगळे बघत होते आणि मला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही. राग एवढा होता की लाजेला जागाच उरली नव्हती. कुणी सोफ्याखालून काढून दिलं, कुणी रडत दिलं. लांडग्याची टोपी चावून झाली होती. बेडकाच्या मुकुटात मार्शमेलो चिकटला होता. गुलाबी फ्रॉकवाली म्हणाली, "पण मी catch केला, काकू. It's mine."

"Rules प्रमाणे तुझीच आहे," मी म्हणाले. "पण ती न विचारता आणलीय. मला ती परत हवी."

तिने विचार केला आणि दिली. तिची आई मात्र जावेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "Kids आहेत गं. एवढं काय त्यात?" जावेने तिचा हात दाबला आणि पुटपुटली, "जाऊ दे, वहिनींचं ना... you know." हे you know मी इतकी वर्षं ऐकतेय. प्रत्येक वेळी ते बोलणाऱ्याच्या तोंडावर फेकावंसं वाटतं.

परतताना गाडीत मी पुढे बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. मग मागून आई म्हणाल्या, "मला वाटलं, तू ती बाळासाठी साठवलीस."

"कुठल्या बाळासाठी?"

"तुमच्या. आता काही ते व्हायचं नाही, तर म्हटलं, लेकरांत लुटली की तुझंही मन मोकळं होईल. वाईट का चिंतीन मी तुझं?"

"आई, मी ती माझ्यासाठी घेतलीत."

"असं कसं? स्वतःसाठी कुणी खेळणी घेतं का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. कपाटाची किल्ली त्याच्या जुडग्यात असते. तो समोरच्या रस्त्यावरून नजर काढेना.

"तू उघडून दिलंस?"

"आईने विचारलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुलाही बरं वाटेल."

म्हणजे इतके वाढदिवस, इतके बॉक्स, चहाबरोबरचा तो सगळा आरडाओरडा. मी समजत होते, आम्ही दोघं खेळतोय. तो मात्र मूल नसलेल्या बाईची समजूत काढत होता. आईंचा मला राग आला होता, पण त्या निदान नुकत्याच आल्या होत्या. हा माझ्या शेजारी बसून चहा पीत होता.

पुढच्या आठवड्यात त्याने एक बॉक्स आणून टेबलावर ठेवला आणि सॉरी म्हणाला. मी त्याला तो परत करायला लावला. किल्लीही त्याच्या जुडग्यातून काढून माझ्या जुडग्यात घातली.

शनिवारी मी एकटीच दुकानात गेले. शेल्फवरचे बॉक्स उचलून, कानाशी हलवून बघितले, आणि एक घेतला. बिलाच्या काउंटरवरच्या, केस निळे केलेल्या मुलीने विचारलं, "Is it a gift?"

"No," मी म्हणाले. "It's for me."

"Nice," ती म्हणाली, आणि बॉक्स माझ्या हातात दिला.