बसल्या जागी धाप

माझी थोरली बहीण पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोन घ्यायची. सोळा वर्षं. नळ कोरडा पडला की लोक तिच्यावर तोंडसुख घ्यायचे, जणू पाण्याची चावी हिच्याच पदराला बांधलीय. नियम एकच: समोरच्याने आईबापांचा उद्धार केला तरी फोन आपण ठेवायचा नाही. सुपरवायझर पाठीमागे उभा राहून ऐकायचा.

गेल्या वर्षी तिच्या छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. दवाखान्यात चालत्या पट्ट्यावर तपासणी झाली; ही तरातरा चालली, काहीच निघालं नाही. झालं! भावोजी म्हणाले, "मनाचे खेळ आहेत." माझं डोकंच फिरलं. बायको पांढरीफटक पडतेय आणि म्हणे खेळ!

मी तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चोवीस तास ठोके टिपणारं यंत्र छातीला लावलं आणि बजावलं, "केव्हा काय करत होता, तेही लिहून ठेवा."

आलेख आला. चार मजले चढताना ठोके वाढले होते, पण काही बिघाड नव्हता. सकाळी अकरा वीसला मात्र रेघ खाली वाकली होती.

"तेव्हा काय चाललं होतं?"

ताईने वही पुढे केली. लिहिलं होतं: खुर्चीत बसले होते. फोनवरच्या शिव्यांना 'माफ करा, साहेब' म्हणत होते.

बाई गंभीर झाल्या. "हे खरं दुखणं आहे. राग तुम्ही गिळता, पण शरीर गिळत नाही. रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आखडतात, हृदयाला रक्त कमी पडतं. काहींना धावताना होत नाही, ते असं बसल्या जागी होतं. गोळ्या देते. पण शिव्यांवर माझ्याकडे गोळी नाही."

ताईने तो आलेख सुपरवायझरपुढे ठेवला. तो हसला. "मनाला लावून घेऊ नका हो, मॅडम."

"मनाला नाही, काळजाला लागलंय. छापील आहे, वाचा."

दुसऱ्या दिवशी एकाने शिवी हासडली, तशी ती म्हणाली, "नीट बोलायचं असेल तेव्हा परत करा," आणि फोन ठेवला. तासाभरात मेमो. तिने उत्तराला आलेखच टाचला. महिन्याभरात तिची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली. दुखणं कमी झालं.

"सुटलीस एकदाची," मी म्हटलं.

ती कडाडली, "सुटले? चूक त्यांची आणि बदली माझी? माझ्या जागी बसवलेल्या नव्या मुलीला तोच नियम लावलाय!"

फोन ठेवायची मुभा मिळावी म्हणून तिने सात जणींच्या सह्यांचा अर्ज दिला. दीड महिना झाला, उत्तर नाही. दर सोमवारी ती मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन विचारते.