अकराच्या आधीचा भाव

आमच्या ऑफिसात कुणी कुणावर विश्वास ठेवला असता, तर सांगायला एकही किस्सा उरला नसता. तसं झालं नाही, म्हणून चहाला दोन मित्र भेटले की माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्यालाही तोंड उघडावं लागतं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. हिंगोलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. माणसं चार: सर, माहिती भरणाऱ्या सुजाताताई, कॉम्प्युटर सांभाळणारा मोहसीन आणि प्रोग्राम लिहिणारा मी. जवळा बाजार या गावच्या सोयाबीन-कापसाचे भाव दाखवणारं वेब ॲप्लिकेशन आम्ही बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालवायचो. ताई साडेनऊला फोनवरून भाव घेऊन भरायच्या आणि बरोबर अकराला ते सगळ्या आडत्यांना एकदम दिसायचे. तसं आडत्यांशी ठरलेलंच होतं.

पण कुणाला तरी भाव अकराच्या आधीच कळत होता, आणि तो सगळ्यांआधी सौदे उरकत होता!

"आपल्यातलंच कोणीतरी हाय," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नववीतून शाळा सोडलेली. काही हरवलं की नजर माझ्यावर थांबते, याची मला सवय होती. पण इथून काढलं असतं, तर सर्टिफिकेट नसलेल्याला दुसरं कोण कॉम्प्युटरला हात लावू देणार होतं?

चोर पकडायला गेटवे बसवायचं ठरलं. बसवायचा कुणी? मीच!

गेटवे म्हणजे काय, ते सरांना समजावताना मला घाम फुटला. आधी भाव, आवक, एसएमएस, प्रत्येकाला वेगळं दार होतं. आता सगळ्यांच्या पुढे एकच दार. प्रत्येक माणसाला अक्षरं-आकड्यांची वेगळी चावी. चावी तपासायची, कोण कधी आलं ते लिहून ठेवायचं, मगच आत सोडायचं.

"मतलब औंढ्याच्या नागनाथाच्या देवळासारखं," मोहसीन म्हणाला. "एकच लाइन, मधून कोणी घुसायचं न्हाई!"

"तिथं बी ओळखीचे घुसतेतच की," ताई म्हणाल्या.

*

पहिल्या दिवशी गेटवे इतका कडक बसला, की आत कुणालाच जाता येईना. चावीशिवाय प्रवेश नाही असं मी लिहिलं होतं, आणि एकही चावी बनवली नव्हती. मलाही आत जाता येईना.

"मुद्दाम केलं काय रे?" सरांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "सर, सोतालाच बाहेर ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच बघून राहिले!"

*

चाव्या लिहिलेले कागद पाकिटात घालून आम्ही बाजाराच्या दिवशी जवळा बाजारला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या आडत्याने पाकीट उन्हात धरून पाहिलं, मग वास घेतला.

"ही चावी आणखी कोणाकडं हाय?"

"आमच्याकडं. तपासायला लागते," मी म्हणालो.

"म्हंजे कुलूप तुमचं, चावी बी तुमची. मंग मला काय दिलं?"

 

*

एका चावीवर तासाला साठ वेळाच भाव विचारता येईल, अशी मर्यादा मी घातली. दुसऱ्याच दिवशी शिरड शहापूरच्या आडत्याचा फोन. गेटवेने त्याला बाहेर काढलं होतं.

"काका, साठदा काहून विचारलं?"

"एकदा विचारल्यावर कोण खरा भाव सांगतं रे?"

*

महिन्याने नोंदी काढल्या, तर आक्रीतच! जन्मात सोयाबीनला हात न लावलेला कापसाचा आडत्या रोज सोयाबीन विचारत होता, आणि सोयाबीनवाला कापूस. चौकशी केली तेव्हा कळलं, की सगळ्यांनी चाव्या अदलाबदल केल्या होत्या! भाव विचारला म्हणजे माल घ्यायचा आहे हे नोंदीतून उघड होतं. रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा करणारी माणसं. ती स्वतःच्या नावाने कशाला विचारतील?

"मंग या नोंदीत चोर कसा सापडायचा?" सर वैतागले.

"सर, जिसका नाम लिखा है, वो तो पक्का नहीं," मोहसीन म्हणाला.

मला हायसं वाटलं. पण सर माझ्याकडेच बघत होते. त्यांनी अकराच्या आधी उघडणाऱ्या चार चाव्याच ठेवल्या, ऑफिसातल्या चौघांच्या. चौघांच्या चाव्यांचे कागद स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. "आता माझ्या हातून सुटतो का बघू," म्हणाले.

*

आणि तो मंगळवार. भाव भरून झाले आणि दहाला लाइट गेली. ती आलीच नाही. सव्वाअकराला सरांनी आम्हाला आपल्या टेबलाशी बोलावलं.

"वाच," मॉनिटरवरची नोंद दाखवत मला म्हणाले. "मोठ्यानं."

मी वाचलं. दहा वाजून चाळीस मिनिटं. सोयाबीन, कापूस, दोन्ही. ऑफिसच्याच इंटरनेट लाइनवरून. चावी माझी.

मोहसीनने मान खाली घातली. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नको. पोलिसात देत न्हाई, येवढंच समज."

मी पिशवी उचलली.

"थांब रे," सुजाताताई म्हणाल्या. "सर, लाइट किती वाजता गेली?"

"दहाला. त्याचं काय?"

"आणि इन्व्हर्टरवर किती कॉम्प्युटर चालतेत?"

"एकच. हा माझा..."

खाली झेरॉक्सवाला लाइटला शिव्या देत होता. सरांनी हळूच चाव्यांचा ड्रॉवर ढकलून बंद केला, मॉनिटर आपल्याकडे वळवून घेतला आणि मला म्हणाले,

"बस, बस. आणि तो गेटवे काढून टाक आजच. लई तकलीफ देऊन राहिला!"