सुतकातलं भांडं

सत्यवानाने बायकोचं, तुळसाचं, मनगट मोडलं ते एका भांड्यापायी. भर दुपारची वेळ. कढीचं पातेलं उलटून झालं होतं, ताट अंगणात भिरकावून झालं होतं, आणि आता फोडायला काय उरलंय म्हणून तो लाल डोळ्यांनी इकडेतिकडे बघत होता. फळीवरच्या काळ्या भांड्यावर नजर गेली मात्र, तुळसा आडवी झाली. त्याने कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. तरी फळीपुढून हलली नाही.

"माका मार," ती म्हणाली, "पण त्याका हात लावू नको."

आता तुम्ही म्हणाल, काय बाई म्हणायची ही! माणसाने आधी स्वतःला जपावं की भांड्याला? मीही तेच म्हटलं होतं. पण आधी त्या भांड्याचं ऐका, मग तुळसाला नावं ठेवा.

आचऱ्याला माई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. तुळसा त्यांच्याकडे धुण्याभांड्याला जायची. माईंचा मुलगा केयूर परदेशातून येताना केक भाजायची तीन जाड, झाकणाची भांडी घेऊन आला. मातीचीच, पण अशा भयंकर आगीत भाजलेली की बोटाने वाजवली तर दगडासारखी टणकन वाजायची. माईंना ती जड भांडी उचलवेनात. "घेऊन जा गं तुळसा," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे निदान वापरली तरी जातील." तुळसाने तिन्ही डोक्यावरून वाडीत नेली आणि त्यात धोंडस भाजायला घेतलं.

धोंडस म्हणजे तवशाचा, आपल्या त्या मोठ्या पिकल्या काकडीचा, गोड केक. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालायचं आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. पहिल्याच दिवशी तुळसाने काय करावं? धोंडस काढलं आणि भांडं तसंच गरम गरम विहिरीवर नेऊन त्यावर कळशीभर पाणी ओतलं. फाट! दोन तुकडे. वाडीतल्या सगळ्या बायका भांडी अशीच विसळतात, तांब्या-पितळेला काही होत नाही, हिला कसं कळावं? विहिरीच्या काठावर बसून ती ढसाढसा रडली. दुसरं भांडं सत्यवानाने कुत्र्याला फेकून मारलं. कुत्रं पळालं, भांडं गेलं. राहिलं एक.

त्या एकाचा तिने मग जो सांभाळ केला, तो बघण्यासारखा होता. थेट जाळ कधी लावला नाही. पत्र्याच्या डब्यात रेती घालायची, रेतीवर भांडं, आणि निखारे हळूहळू वाढवत न्यायचे. काम झालं की भांडं आपोआप निवेपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. मग करवंटीच्या तुकड्याने खरवड काढायची, कोमट पाणी, चिमूटभर मीठ, तळव्याने चोळायचं, उन्हात वाळवायचं आणि शेवटी खोबरेलाचं बोट फिरवायचं. साबण? नावच काढू नका. "साबण लावशात तर भांडा साबण पिता," ती सांगायची, "आणि मगे धोंडसाक त्याचो वास." नऊ वर्षांत तेलातुपाने ते आतून काळंभोर झालं. धोंडस कधी चिकटलं म्हणून नाही, उलटं केलं की अलगद ताटात.

आणि त्या धोंडसावर तिचं घर चालायचं, हे लक्षात घ्या. आचऱ्याच्या बाजारात जायचं, देवबागच्या होमस्टेवाल्यांकडे जायचं. सत्यवान काजूचे पैसे प्यायचा, आणि प्राजक्ताची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीची, कॉलेजची फी त्या भांड्यातून निघायची. माई एकदा म्हणाल्या, "तुळसा, या भांड्याला जपतेस तसं तुला कोणी जपलं असतं तर!" तुळसा खदखदा हसली. "माका जपूक मी काय परदेशातसून इलंय?"

मोडलेलं मनगट सांधलं, जरा वाकडंच सांधलं. मार चालूच राहिला. आणि मग गेल्या चैत्रात सत्यवान मेला. तोही कसा? सकाळीच टाकून काजूच्या बागेत गेला, तिथे गवारेडा उभा. शहाण्याने झाडामागे व्हावं की नाही? ह्याने शिव्या दिल्या आणि दगड मारला. आयुष्यभर ज्याला त्याला मारत आला होता, त्याला वाटलं हाही खाली मान घालेल. गव्याने त्याला शिंगावर घेऊन असा आपटला की बरगड्या बाहेर आल्या. चौघांनी चादरीत गोळा करून आणला.

तुळसा रडली. खोटं कशाला सांगू, पोट धरून रडली. वीस वर्षं मार खाल्ला म्हणून माणूस परका होत नाही. पण दहाव्या दिवशी तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली, हेही खरं.

आता दीर. सत्यवानाचा धाकटा भाऊ अजय, शेजारच्याच घरात राहायचा, अंगण एकच. देवबागच्या एका माणसाशी त्याचं बोलणं चालू होतं, सत्यवानाचं जुनं घर होमस्टेला द्यायचं. पर्यटकांना म्हणे असली घरं आवडतात. तुळसाला तो गोड गोड बोलला, "वैनी, आता तू आणि प्राजक्ता आमच्यातच जेवा. घर मी बघतंय." तुळसाने मान हलवली. "माझी चूल माझी." अजयला एक गोष्ट पक्की कळली. जोवर ते काळं भांडं आहे तोवर ही बाई कोणाच्या ताटाखाली यायची नाही.

अकराव्या दिवशी घर शुद्ध करायचं होतं. घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं, तांब्या-पितळेची भांडी घासून घ्यायची, आणि सुतकात वापरलेली मातीची भांडी बाहेर नेऊन फोडायची. हे काम भावकीतल्या बायकांचं. ज्या बाईचा नवरा गेला तिने आतल्या खोलीत बसायचं, कशाला हात लावायचा नाही. तर तुळसा आत बसून होती, आणि बाहेर अजयची बायको रुक्मिणी भांडी घासत होती. रुक्मिणीच्या मनात पाप नव्हतं हो. उलट जावेचं भांडं काळंकुट्ट दिसतंय, आजच्या दिवशी तरी लख्ख करू, म्हणून तिने राख घेतली, सोड्याची पूड घेतली, तारेचा घासणा घेतला आणि घातला जोर.

आतून तुळसाला तो खरखर आवाज आला. पितळेचा आवाज तिला ओळखीचा, हा वेगळा. "रुक्मिणी! काय घासतंस गो?" ती ओरडली. "रुक्मिणी, ठेव ता!" पण बाहेर बायकांचा गलका, कोण ऐकतंय? शेवटी सगळे रिवाज झुगारून ती उंबऱ्याबाहेर आली. तोवर नऊ वर्षांचं काळं कातडं सोलून निघालं होतं. रुक्मिणी कौतुकाने भांडं वर धरून उभी. आतून ते करडं, उघडं, ओरखडलेलं. तुळसा ते घ्यायला पुढे झाली.

अजय मात्र बरोबर त्याच वेळी बोलला. "अरे, ह्या तर मातीचा आसा! फोडूक होया ह्या."

"दगड आसा तो," तुळसा म्हणाली.

"माती!"

"दगड!"

भावकीतले वडीलधारे बाबा पडवीत बसले होते. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांनी भांडं मांडीवर घेतलं आणि फुलपात्रातलं पाणी आत थेंबभर टाकलं. पाणी प्यालं तर माती, नाही प्यालं तर दगड, असा त्यांचा साधा हिशेब. काल ही परीक्षा घेतली असती तर थेंब मोत्यासारखा उभा राहिला असता. आज घासून उघडं पडलेल्या अंगात तो हळूहळू मुरला आणि ओला डाग पसरला.

"माती," बाबा हळहळून म्हणाले. "काय करतलंस बाय, रिवाज तो रिवाज."

अजय वाटच बघत होता. नारळ सोलायला ठेवलेली पारय, ती लोखंडी पहार, त्याने उचलली. तुळसाने झेप घालून बाबांच्या मांडीवरून भांडं ओढलं आणि पोटाशी धरून खाली बसली. अजयने तिचे केस धरले. "सोड म्हणतंय!" तिने सोडलं नाही. त्याने पाठीत लाथ घातली, पुन्हा घातली. प्राजक्ता धावत आली आणि त्याच्या दंडाला कचकन चावली. त्याने तिला अशी थोबाडीत दिली की पोरगी खांबावर आदळली, ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. बायका किंचाळल्या. पुरुषांपैकी कोणी उठलं नाही. घरातलं भांडण, म्हणून बसून राहिले, लाज नाही.

तुळसाने लेकीचं रक्त बघितलं.

दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय भांडं सुटायचं नाही म्हणून अजयने पारय टाकली आणि भांड्याला हात घातला. तो ओढू लागला, ही ओढू लागली. आणि मग नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते तुळसाने केलं. तिने भांडं सोडलं. अजय भांड्यासकट मागच्या मागे आपटला. तो उठायच्या आत पारय तिच्या हातात होती.

"वैनी! वैनी गे!" अजय पडल्या पडल्या ओरडला. त्याला वाटलं, आता ही डोकं फोडते. फोडलंही असतं, आमचा कोणाचा तिला अडवायचा धीर नव्हता. पण तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणात उतरली, वळली, आणि पडवीवर खाली उतरलेल्या कौलांत पारय घातली. खळ्ळकन् पाच-सहा कौलं खाली आली.

"मातीचा आसा मरे?" ती गरजली. "सुतकातली माती फोडूक होया मरे? मगे ही कौलां कसली? आभाळातसून पडली?" पुन्हा घाव. "अकरा दिस ह्यांच्याखाली सुतक होता! माती ती! फोडूक होयी!" खापऱ्या उडाल्या, एक बाबांच्या टोपीला लागून गेली. म्हातारा लगबगीने पडवीतून बाहेर आला. "कौलां झाली काय भिंती पाडतंय! भिंती मातीच्यो! मगे भुंय खणतंय! खरो रिवाज करूक होयो! एक ढेकूळ ठेवूचंय नाय!"

वाशांमधून ऊन थेट पडवीत पडू लागलं. एक खापरी तिच्याच गालावर बसली, रक्त ओघळलं, तिने पुसलं नाही. वाकड्या मनगटाने ती घाव घालत सुटली. वीस वर्षांचा सगळा मार जणू आज एकदम परत निघाला होता, आणि मला विचाराल तर मला फार बरं वाटलं. देवबागच्या माणसाला दाखवायचं घर अजयच्या डोळ्यांदेखत उघडं पडत होतं. तो भांडं छातीशी कवटाळून बसला होता, वरून खापऱ्या पडत होत्या, आणि हलायचं भान त्याला नव्हतं.

"आवशीचो घो! बाबानूं, काय तरी बोला!" तो रडकुंडीला आला.

बाबांनी टोपी झटकली. घसा खाकरला. "दगड आसा तो," ते म्हणाले. "माका मघाशी समाजला नाय. दगडच."

तुळसा थांबली नाही. "ह्येच्या तोंडातसून आयकूचा आसा."

आणखी चार कौलं आली.

"दगड!" अजय ओरडला. "दगड आसा, वैनी! तुझो दगड, तुझी चूल, तुझा घर! थांब आता!"

तेव्हा कुठे तिने पारय जमिनीत रोवली. धापा टाकत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. गालावरचं रक्त मानेवर उतरलं होतं. तिने हात पुढे केला नाही.

"मगे खाली ठेव त्याका," ती म्हणाली. "आपटू नको. आधी खांद्यावरचो पंचो पसर."

अजयने पंचा काढला, खापऱ्या बाजूला सारून जमिनीवर पसरला, आणि सगळी वाडी बघत असताना ते भांडं दोन्ही हातांनी, आवाज न करता, त्यावर ठेवलं.