डोक्यावर येऊन राहिलो, सांभाळ

वार करण्याआधी भाऊ शत्रूला सांगायचे. "डोकं, बरं का. डोक्यावर येऊन राहिलो. सांभाळ." मग जरा थांबायचे, समोरच्याला तयारीला वेळ द्यायचे. तेवढ्यात समोरचा त्यांच्या पोटात तलवार खुपसून मोकळा व्हायचा.

समोर खरं तर कुणीच नसायचं, हे आधीच सांगून टाकते. मोहाडीच्या आमच्या शाळेतली संगणकाची खोली. साठीला टेकलेले आमचे शिपाई, डोळ्यांवर काळं खोकं बांधलेलं, मुठीत एक पांढरी दांडी. तुम्ही दारातून डोकावला असता, तर भाऊ माशा हाकलतायत असं तुम्हाला वाटलं असतं. किल्ला, पूल, शत्रू, तलवार, सगळं त्या खोक्याच्या आत.

ते व्हीआरचे दोन चष्मे शाळेला एका माजी विद्यार्थ्याने पाठवले होते. मुलांनी त्यातून हृदयाच्या आत फिरून यावं, ही कल्पना. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, आधी तुमी शिका. मंग पोराईच्या हाती देऊ." मी शाळेची संगणक शिक्षिका, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. हृदयाचा धडा उतरवून घ्यायला आठवडा लागणार होता. आत आधीपासून होता तो फक्त तलवारीचा एक खेळ. दोघांनी मिळून खेळायचा. पूल ओलांडून किल्ल्याच्या दारापर्यंत दोघांनीही जिवंत पोचायचं, तरच दार उघडतं.

दुसरा गडी कुठून आणायचा? मराठीच्या सरांनी चष्मा घातला आणि दोन मिनिटांत खाली बसून लिंबू मागितलं. गणिताच्या बाई लांबूनच नको म्हणाल्या. पाच वाजता खोलीला कुलूप लावायला भाऊ किल्ल्या घेऊन उभे होते. म्हणाले, "मी धरतो जी दुसरा. मले तलवारीची सवय आहे."

मला वाटलं, गंमत करतायत.

चष्मा घालण्याआधी त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला. मी म्हटलं, "भाऊ, आत तुम्ही कुणाला दिसत नाही." ते म्हणाले, "पन लोकं तर असतीन ना आत?" चपला दाराशी काढल्या, दांडी कपाळाला लावली आणि आत गेले. पहिल्याच शत्रूला त्यांनी "डोकं" म्हणून सांगितलं आणि मेले. चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, मी त्याले सांगतलो होतो. त्यानं मले काहून नाही सांगतलं?"

मी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.

हळूहळू कळलं. धानाची कापणी आटोपली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. भाऊ चौदा हिवाळे अशा एका नाटक मंडळीत होते. राजाचा सेनापती. त्यांच्यासमोर परमुलखाचा सरदार म्हणून उभा राहायचा सानगडीचा एक शेतकरी. दोघांची लढाई बघायला लोक बैलगाडीने यायचे, असं भाऊ सांगत. तलवारी लोखंडी, धार नसलेल्या, पण ठिणग्या खऱ्या उडायच्या. मारणाऱ्याने ओठ न हलवता ठिकाण सांगायचं, डोकं, कंबर, डावा पाय. झेलणाऱ्याने तिथे तलवार न्यायची. एकूण बासष्ट वार. चौदा वर्षांत रंगमंचावर कुणाला खरचटलं नाही.

"लढाई म्हंजे दोघाईचं काम असते जी," भाऊ म्हणायचे. "एकट्यानं होतच नाही."

मी म्हटलं, "इथेही दोघांचंच काम आहे. तुम्ही आणि मी."

"तेच तर कळून नाही राहिलं. तुमी अन् मी एका बाजूनं. मंग ज्याच्यासंगं लढाचं, त्याच्यासंगं बोलाचं नाही का?"

पुलावर तर आमची पार दैना. पाठीला पाठ लावून उभं राहायचं, मी माझ्या बाजूचे शत्रू अडवायचे, त्यांनी त्यांच्या बाजूचे. भाऊ दर दोन वारांनंतर वळून मला बघायचे. "लागलं तं नाही ना जी?" तेवढ्यात मरायचे. कधी माझ्यावर आलेला वार स्वतःवर घ्यायचे आणि मरायचे. ते मेले की दार उघडत नसे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन आठवडे रोज अर्धा तास हेच. हृदयाचा धडा केव्हाच उतरवून झाला होता, तरी पाच वाजले की आम्ही दोघं पुलावर. का, ते मला धड सांगता येणार नाही.

एकदा मी चिडलेच. "भाऊ, मला वाचवू नका! समोरच्याला मारा!"

ते चष्मा काढून त्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. पण ते भलत्याच ठिकाणी पोचले होते.

"नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "दुपारची तालीम होती. सत्तेचाळीसावा वार. मी कंबर म्हनलो अन् डोक्यावर गेलो. का डोकं म्हनलो अन्... त्याचा हात मधात आला, मॅडम. उजवा हात. दोन बोटं सरळ झालीच नाही मंग. तोंडावर कापनी होती. विळा धरता नाही आला त्याले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दवाखान्यात नेलो. घरी पोचवलो. मंग गेलोच नाही. काय तोंड घेऊन जाऊ? अन् खरं सांगू का, मी काय म्हनलो होतो तेच मले आठवत नाही. रोज इचारतो सोताले. एक दिवस वाटते कंबर, एक दिवस वाटते डोकं."

त्या दिवशी कुलूप लावताना त्यांनी चुकीची किल्ली तीनदा फिरवली. मग पाठमोरेच म्हणाले, "दोन चष्मे आहेत ना जी. त्याले बोलावू का?"

दिवाळीच्या सुटीआधीच्या शनिवारी दुपारी सानगडीचा तो माणूस आला. साकोली, भंडारा करत तीन बसगाड्या बदलून. काटक, उंच, डोक्याला दुपट्टा. भाऊ फाटकापाशी उभे होते. भाऊंनी फक्त, "पानी?" विचारलं आणि त्याने मान हलवली. मी दोघांना दांड्या दिल्या. पाहुण्याने दांडी डाव्या हातात घेतली. भाऊंनी ते पाहिलं आणि नजर खाली केली. मग मी दोघांना चष्मे बांधले.

त्यांना आत काय दिसतंय ते मला संगणकाच्या पडद्यावर दिसत होतं. पूल, पुलावर दोन योद्धे, दोन्ही बाजूंनी चालून येणारे शत्रू. मी ओरडत होते, "भाऊ, मागे! तुमच्या मागे!" कोण ऐकतंय? ते दोघं शत्रूंकडे पाठ करून एकमेकांसमोर उभे राहिले. भाऊंनी दांडी कपाळाला लावली. त्यानेही लावली.

"डोकं," भाऊ हळूच म्हणाले.

"कंबर," थोड्या वेळाने तो म्हणाला.

मग सुरूच झालं. त्या खेळात सोबत्याची तलवार सोबत्याला लागत नाही, नुसती खणखणते. पडद्यावर तलवारी खणखणत होत्या आणि मागून शत्रू दोघांनाही तोडत होते. दोघं मरायचे, खेळ त्यांना पुन्हा पुलाच्या सुरुवातीला आणून उभं करायचा, की ते जिथे थांबले होते त्याच वारापासून पुढे. खोलीत मात्र दोन म्हातारे नुसत्या मुठी उचलत, कुजबुजत एकमेकांभोवती गोल फिरत होते. मी पडद्याकडे बघू की त्यांच्याकडे, मला कळेना.

मी मोजत होते. सेहेचाळीस झाले आणि भाऊ थांबले. हात वरच राहिला.

"त्या दिवशी मी काय म्हनलो होतो?" त्यांनी चष्मा न काढताच विचारलं.

"डोकं म्हनला होता. बराबर म्हनला होता," पाहुणा म्हणाला. "मीच कमरेले गेलो. ध्यान नव्हतं माहं."

"नाही गड्या. मी कंबर म्हनलो."

"अरे, कान माहे आहेत ना? डोकं म्हनला तू. माह्यापायी तुहं नाटक सुटलं. मले वाटे, तू रागात आहेस म्हनून येत नाहीस."

"मी कायले रागात राहीन? हात कोनाचा मोडला?"

"अन् चूक कोनाची होती?"

"माही!"

"माही म्हनतो ना मी!"

आवाज चढले. दोघंही चूक आपल्याकडे ओढत होते, एखाद्या चादरीची दोन टोकं ओढावीत तशी, आणि कुणी सोडायला तयार नव्हता. डोळ्यांवर ती काळी खोकी तशीच. पडद्यावर त्यांचे योद्धे कितव्यांदा तरी मरून पडले होते. शेवटी पाहुणा खाली फरशीवरच बसला. आवाज कुठे गेला ते न कळून भाऊ हवेत हात फिरवू लागले. हात त्याच्या खांद्याला लागला, तसे तेही बसले. मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले.

त्या दुपारी तालमीत खरं काय घडलं, ते मला आजही माहीत नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. भाऊ पुढे कधी म्हणायचे, "तो म्हनते तसंच असन," आणि दोनच दिवसांनी, "नाही जी, कंबरच म्हनलो मी." पण किल्ल्या आता बरोबर लागायच्या. सानगडीचा गडी आणखी तीनदा आला. दर वेळी बासष्ट वार पुरे झाले. पूल कुणीच ओलांडला नाही आणि त्या दाराच्या आत काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही.

निवृत्तीला चार महिने होते. पावसाळ्यात भाऊंना ताप आला. भंडाऱ्याला नेलं, पाचव्या दिवशी गेले. ते ऐकल्यावरही मी पाच वाजता किल्लीच्या आवाजाची वाट बघत बसले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही शाळेतली माणसं त्यांच्या घरी गेलो. अंगणात ताडपत्री बांधली होती. सानगडीचा तो माणूस आल्यागेल्याला पाणी देत होता. भाऊंच्या सासरकडचे एक वयस्कर गृहस्थ पेला हातात घेऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमी कोन जी? नातं काय लागते?"

त्याने आजूबाजूला बघितलं, जणू कुणी तरी त्याला शब्द सुचवेल. माझ्याकडेही बघितलं.

"आमी दुश्मन होतो जी," तो म्हणाला. "चौदा वर्सं."

आणि डाव्या हाताने पाण्याचा जग उचलून तो पुढच्या माणसाकडे गेला.